पेपरातल्या चार चौकटींवरून गाण्यांचा सिनेमा : मुलांना कुठले दाखवावेत आणि काही का जमत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सहा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा, सुट्टीत दोघांना घेऊन बघता येतील असे, जुन्या इंग्रजी पेपरांतल्या कॉमिक स्ट्रिपवरून केलेले गाण्यांचे सिनेमे कुठले? पॉपायचा सिनेमा लावला तर दोघंही पंधरा मिनिटांत उठून गेली, असं का झालं? आणि मुलाच्या शाळेच्या गॅदरिंगला यातलं काही बसवता येईल का?

मी बरीच वर्षं मुलांची नाट्यशिबिरं घेतोय, शिबिरात सिनेमेही दाखवतो, त्यामुळे यातले बहुतेक सिनेमे मुलांच्या गर्दीत बसून बघितलेत. मुलं कुठं खिदळतात, कुठं पाणी प्यायला उठतात आणि कुठं पुढच्याच्या डोक्यावरून वाकून बघतात हे त्यामुळे कळतं, समीक्षा वाचून नाही कळत.

आधी सरळ उत्तर देतो, मग पाल्हाळ लावतो. दोघांना एकत्र बसवायचं असेल तर पहिला 'अ बॉय नेम्ड चार्ली ब्राऊन', १९६९ चा. त्यानंतर 'ॲनी', पण ॲनीवर गाण्यांचे तीन सिनेमे झालेत, त्यातला धाकटीसाठी १९९९ चा, मोठ्यासाठी १९८२ चा. पॉपाय फक्त मोठ्याला, तोही तुम्ही शेजारी बसून. आणि 'लिल ॲबनर' नावाचा एक आहे, १९५९ चा, तो मुलं झोपल्यावर तुम्ही बघा.

आता असं का, ते सांगतो.

स्ट्रिप म्हणजे रोज सकाळी पेपरात येणारं प्रकरण. चार चौकटी, एक गंमत, आणि उद्या परत तेच लोक त्याच जागी. कुणी मोठं होत नाही, कुणी सुधारत नाही, कालची अद्दल आज कुणाला आठवत नाही, आणि वाचकाला नेमकं तेच हवं असतं. आपला चिंटूच घ्या, १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला, पहिल्या वर्षी ज्यांनी तो वाचला त्या पोरांची आता लग्नं होऊन त्यांना पोरं झाली, चिंटू मात्र तेवढाच. सिनेमाला हे परवडत नाही, दीड-दोन तास तिकीट काढून बसलेल्या माणसाला शेवट लागतो. आणि म्युझिकलचं, म्हणजे गाण्यांतून गोष्ट सांगणाऱ्या नाटक-सिनेमाचं, तर घोडं आणखी पुढं अडतं, कारण पात्र बोलता बोलता गायला लागलं याचा अर्थ त्याला काहीतरी इतकं हवंय की नुसत्या बोलण्यानं भागत नाहीये. आपल्या संगीत नाटकात पद म्हणजे बऱ्याचदा गोष्ट थांबवून रंगायची जागा असायची, वन्समोअर मिळाला की परत पहिल्यापासून. ब्रॉडवेवाल्यांचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवाल्यांचं, तसं नाही, त्यांच्याकडे गाणं सुरू होताना पात्र एका जागी असतं आणि गाणं संपताना भलत्याच जागी पोचलेलं असतं. म्हणून कुठल्याही स्ट्रिपचा गाण्यांचा सिनेमा समोर आला की मी एकच गोष्ट बघतो, की याला हवंय काय? ते सापडलं असेल तर सिनेमा चालतो, नसेल तर नुसती चांगली वेशभूषा हातात राहते.

ॲनीचं उदाहरण यासाठी सगळ्यात चांगलं, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो.

हॅरोल्ड ग्रे नावाच्या चित्रकारानं 'लिटल ऑर्फन ॲनी' ही स्ट्रिप १९२४ मध्ये सुरू केली. कुरळ्या केसांची अनाथ पोर, सँडी नावाचा कुत्रा, आणि तिला सांभाळणारा टकलू अब्जाधीश डॅडी वॉरबक्स. ग्रे डोळे काढायचा ते नुसते गोल, आत बुबुळच नाही. पेपरात ते चालतं, किंबहुना त्यामुळेच ती पोर जरा गूढ वाटते, पण जिवंत मुलीला असे डोळे कुठून आणणार? म्हणजे चित्रातली सगळ्यात मोठी ओळख पहिल्याच फटक्यात गेली. राहिला काय, तर लाल फ्रॉक आणि कुरळे केस. मार्टिन चार्निन नावाच्या गीतकारानं १९७१ च्या ख्रिसमसला एका मित्राला भेट द्यायला म्हणून या स्ट्रिपचं जाडजूड पुस्तक घेतलं, घरी आणून स्वतःच वाचत बसला आणि याचं नाटक करायचंच असं ठरवून टाकलं. संगीताला चार्ल्स स्ट्राऊस, संहितेला थॉमस मीहान. मीहाननं ढीगभर जुन्या स्ट्रिपा वाचून काढल्या आणि त्याच्या हाताला कामाचं असं लागलं काय, तर ॲनी, सँडी आणि वॉरबक्स. बास. गोष्ट त्याला स्वतःलाच रचावी लागली.

आणि त्यानं रचली कशी बघा. ग्रेच्या ॲनीला फारसं काही नकोच असतं, ती संकटात पडते, बाहेर पडते, पुढच्या आठवड्यात नवीन संकट. मीहानच्या ॲनीला मात्र आईबाप हवेत. तिच्या गळ्यात अर्धं लॉकेट आहे, उरलेलं अर्धं घेऊन ते येणार आहेत अशी चिठ्ठी आहे. नाटकाचं पहिलंच गाणं 'मेबी', त्यात ही पोर रात्री एका छोट्या घाबरलेल्या मुलीला थोपटत आपले आईबाप कसे असतील, कुठं राहत असतील याचा अंदाज बांधत बसते. मोठ्ठं काही नाही, घर कसं असेल, तो काय करत असेल, ती काय करत असेल, एवढंच. आणि त्यानंतर लगेच 'हार्ड नॉक लाइफ'. इथं ती अनाथालयाची बाई मिस हॅनिगन अपरात्री सगळ्या पोरींना उठवून फरशी घासायला लावते, ती म्हणे न्यूयॉर्कच्या उंच क्रायस्लर बिल्डिंगच्या कळसासारखी चकचकीत व्हायला हवी, आणि पोरी बादल्या आदळत, ब्रश घासत गातात. बोल रडगाण्याचे आहेत पण ठेका एकदम मिरवणुकीसारखा, पाय आपटत जायचा, त्यामुळे गाण्यात कीव येत नाही, राग येतो. हे गाणं लागलं की आमच्या शिबिरातली पोरं हमखास जमिनीवर हात आपटायला लागतात, शब्द एक कळत नसतो. नंतर आम्ही बादल्या, खराटे, पत्र्याचे डबे घेऊन तोच प्रकार करतो, तालाचा धडा त्यासारखा दुसरा मिळत नाही. फक्त बादल्या पत्र्याच्या घ्या, प्लॅस्टिकच्या बादलीला आवाज नसतो आणि दोन तालमींत ती फुटते.

नाटकात तो लाल फ्रॉक आणि कुरळ्या केसांचा टोप पार शेवटाकडे येतो. तोवर ती साधी, मळक्या कपड्यांतली पोर असते. म्हणजे स्ट्रिपमधलं चित्र हे त्यांनी सुरुवातीला लावलेलं लेबल न ठेवता मिळवायची गोष्ट केली, आईबाप शोधणाऱ्या पोरीला घर मिळतं तेव्हा ती चित्रातल्यासारखी दिसायला लागते. मला हा त्या नाटकातला सगळ्यात हुशार निर्णय वाटतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

नाटक १९७६ मध्ये कनेक्टिकटमधल्या गुडस्पीड ऑपेरा हाऊसला झालं, १९७७ च्या एप्रिलमध्ये ब्रॉडवेवर आलं, ७ टोनी (तिकडचे नाटकांचे मोठे पुरस्कार) मिळाले आणि २,३७७ प्रयोग झाले. सँडीचं काम करायला बिल बेर्लोनी नावाच्या पोरसवदा माणसानं भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरमधून कुत्रा आणला होता, पुढं त्याचा तो आयुष्यभराचा धंदाच झाला.

एक गंमत सांगायचीच. ग्रे कट्टर उजव्या विचारांचा, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि त्यांची न्यू डील, म्हणजे मंदीतून देश बाहेर काढायची सरकारी योजना, यांचा त्याला मनस्वी तिटकारा. इतका, की १९४४ मध्ये त्यानं स्ट्रिपमध्ये वॉरबक्सला मारून टाकलं, आता या जगात माझं काही काम नाही अशा थाटात, आणि १९४५ मध्ये रूझवेल्ट गेल्यावर वॉरबक्स परत जिवंत. आणि नाटकवाल्यांनी काय केलं, तर याच ॲनीला थेट व्हाइट हाऊसमध्ये नेऊन रूझवेल्टसमोर 'टुमॉरो' गायला लावलं, आणि ते ऐकून त्यांना न्यू डीलचा हुरूप येतो! ग्रे १९६८ मध्येच वारला होता, नाहीतर काय झालं असतं कल्पना करा. पण नाटक म्हणून हे बरोबरच आहे, कारण मंदीत सगळा देश आशा शोधतोय आणि ही पोर आईबाप शोधतेय, दोन्ही एकाच गाण्यात बसतं.

आता सिनेमे. १९८२ च्या सिनेमाचे हक्क कोलंबिया या सिनेमा कंपनीनं ९५ लाख डॉलरना घेतले, त्या काळात हा विक्रम होता. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन, ज्यानं उभ्या आयुष्यात म्युझिकल केलेलं नव्हतं. आयलीन क्विन ॲनी, आल्बर्ट फिनी वॉरबक्स आणि कॅरोल बर्नेट हॅनिगन. कॅरोल बर्नेटसाठी तरी बघाच, दारूच्या नशेत तोल सांभाळत ती जे करते ते नाटकाच्या मुलांना दाखवण्यासारखं आहे, म्हणजे दारू नव्हे, तोल. सिनेमात काही गाणी नवी घातली, काही चांगली काढून टाकली, ख्रिसमसचा शेवट जाऊन ४ जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, आला, आणि वॉरबक्सचं पोरीकडे हळूहळू ओढलं जाणं फिनी फार सुंदर दाखवतो. पण शेवटाला रेल्वेच्या उघडलेल्या पुलावर एक माणूस त्या पोरीला खरोखर मारायला वर चढतो, आणि ते बरंच लांबतं. तुमची सहा वर्षांची त्या वेळी मांडीवर येऊन बसेल, म्हणून धाकटीला १९९९ चा म्हटलं.

याच सिनेमात पंजाब नावाचा वॉरबक्सचा अंगरक्षक आहे, फेटेवाला, उंचापुरा, जादू करणारा. हा ग्रेच्या स्ट्रिपमध्ये १९३५ मध्ये आला, नाटकवाल्यांनी त्याला गाळलं होतं, ह्यूस्टननं परत आणला. काम केलंय जेफ्री होल्डरनं, जो त्रिनिदादचा, मोठा नर्तक. आपली मुलं विचारतातच की हा आपल्याकडचा का, आणि याला जादू का येते. मी सरळ सांगतो की ज्यांनी हिंदुस्थान बघितला नव्हता त्यांना तेव्हा असं वाटायचं. माझ्याकडची एक मुलगी म्हणाली, मग त्याचं नाव पंजाब का, कुणाचं नाव महाराष्ट्र असतं का? मला यावर उत्तर सुचलं नाही. होल्डर चालतो मात्र काय रुबाबात, आणि शेवटी पुलावर धावून येतो तोच.

१९९९ चा टीव्हीसाठी डिस्नेनं केला, दिग्दर्शन रॉब मार्शलचं, दीड तासाचा सुटसुटीत. नाटकाच्या जास्त जवळ. हॅनिगनचं काम केलंय कॅथी बेट्सनं, आणि न्यूयॉर्कच्या गाण्यात नुकतीच शहरात आलेली नटी म्हणून एक बाई येऊन गाऊन जाते, ती अँड्रिया मॅकआर्डल, ब्रॉडवेवरची मूळची ॲनी. मुलांना हे सांगितलं की त्यांना भारी मजा वाटते. २०१४ चा आहे तो आजच्या न्यूयॉर्कमधला, वॉरबक्सच्या जागी मोबाईल कंपनीवाला, आवाजांना इतकी मशीनची कल्हई केलीय की पोरींच्या गळ्याचा खरखरीतपणाच गेला. मुलगी गोड आहे, तेवढंच.

आता पॉपाय. मुलं का उठली याचं उत्तर इथं आहे, आणि त्यात मुलांची काही चूक नाही.

आधी ही हकिगत ऐका. पॅरामाउंटचा निर्माता रॉबर्ट इव्हान्स ॲनीच्या हक्कांच्या बोलीत हरला. चिडून त्यानं ऑफिसात विचारलं की आपल्याकडे कुठल्या कॉमिकचे हक्क आहेत, कुणीतरी म्हणालं पॉपाय, हा म्हणाला चला पॉपायचं म्युझिकल करू. म्हणजे हा सिनेमा 'याला काय हवंय' या प्रश्नातून आला नाही, 'आपल्याकडे काय पडलंय' यातून आला. पटकथेला ज्यूल्स फायफर, तो स्वतः नावाजलेला व्यंगचित्रकार. आणि इथं मेख आहे. तुमच्या मुलांनी बघितलेला पॉपाय म्हणजे टीव्हीवरचं कार्टून, पालक खाल्ला, दंड फुगला, ढिशुम. फायफरला ते नको होतं, त्याला सेगरची मूळ स्ट्रिप हवी होती. ई. सी. सेगरची 'थिंबल थिएटर' १९१९ पासून चालू होती, ऑलिव्ह (पुढं पॉपायची प्रेयसी झाली ती), तिचा भाऊ कॅस्टर असा सगळा गोतावळा होता, आणि पॉपाय त्यात आला चक्क दहा वर्षांनी, १९२९ च्या जानेवारीत. बोटीवर माणूस हवा म्हणून कॅस्टर याला विचारतो, तू खलाशी का, हा म्हणतो, मग काय काउबॉय दिसतो? दोन-चार दिवसांचं किरकोळ पात्र होतं ते, वाचकांनी डोक्यावर घेतलं. सुरुवातीला त्याची ताकदही पालकाची नव्हती, एका जादूच्या कोंबडीच्या डोक्यावर हात घासला की यायची! पालक नंतर आला.

तर सिनेमात रॉबिन विल्यम्सचा पॉपाय पालकाला नाक मुरडतो, पार शेवटापर्यंत खात नाही. मुलं डबा कधी उघडतो याची वाट बघत बसतात आणि हा तोंडातल्या तोंडात पुटपुटतोय, तेही अर्धं इंग्रजी मोडून. इंग्रजी माध्यमातल्या पोरांनाही ते कळत नाही. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन, ज्याची सवयच अशी की एका फ्रेममध्ये वीस माणसं आपापलं काहीतरी करतायत, चार जण एकदम बोलतायत, कॅमेरा कुणाकडे बघावं हे सांगत नाही. मोठ्यांना यात रस, मुलांचा मात्र धागा सुटतो.

पण मला हा सिनेमा आवडतो, आणि मोठ्याबरोबर परत एकदा बघा म्हणतो, कारण त्यात जे चांगलं आहे ते दुसरीकडे कुठं नाही. एक म्हणजे गाव. माल्टा बेटावर मेलिहाजवळ अँकर बे नावाच्या खाडीत त्यांनी स्वीटहेवन नावाचं अख्खं लाकडी गाव उभं केलं, कलंडलेली घरं, वाकडे जिने, लाकूड हॉलंडवरून, छपराच्या पट्ट्या कॅनडावरून. शूटिंग संपल्यावर ते पाडलं नाही, आजही तिथं आहे, तिकीट काढून बघता येतं. पेपरातलं चित्र खरं करायचं तर नेपथ्य कसं असावं याचा धडा म्हणून मी त्याचे फोटो मुलांना दाखवतो, एकही रेघ सरळ नाही बघा. दुसरं, त्या गावातला टॅक्सवाला. पॉपाय होडी बांधतो तर टॅक्स, गावात नवीन म्हणून टॅक्स, प्रश्न विचारला म्हणून टॅक्स. यावर अकरा वर्षांचा हसतो आणि बाप जास्त हसतो.

तिसरं म्हणजे शेली डुव्हॉल. ऑलिव्हचं ते काम करायला जणू तिला देवानंच पाठवलं होतं, ती लांब मान, ते काटकुळे हातपाय, मोठे बूट. गाणी हॅरी निल्सनची, आणि ऑल्टमननं ती आधी रेकॉर्ड करून ओठ हलवायला न लावता सेटवरच गाऊन घेतली. आपण प्लेबॅकवर वाढलेली माणसं, त्यामुळे आपल्याला पहिल्यांदा ते कच्चं वाटतं, सूर हलतो, श्वास ऐकू येतो. पण 'ही नीड्स मी' या गाण्यात तीच जादू आहे. रात्रीची वेळ, ऑलिव्ह एकटीच, आपली कुणालातरी गरज आहे हे तिला आत्ता कळलंय आणि ती ते स्वतःलाच परत परत सांगतेय, पाय कुठं पडतायत याचा पत्ता नाही, हात पंख्यासारखे. शब्द जेमतेम चार, तेच ते. त्या अख्ख्या सिनेमात कुणाला काहीतरी मनापासून हवंय असं त्या तीन मिनिटांत दिसतं. पॉपायला हरवलेला बाप हवाय, असं पटकथेत आहे खरं, पण त्याचं गाणं जमलेलं नाही, आणि बाप सापडतो तोवर सिनेमा संपत आलेला असतो. त्यात शेवटाला तो रबरी ऑक्टोपस! पैसे संपत आलेत हे पडद्यावर दिसतं.

सिनेमा बुडाला असं सगळे म्हणतात, तसं नाहीये. १९८० च्या डिसेंबरात लागला, खर्च साधारण २ कोटी डॉलर आणि नुसत्या अमेरिकेत जवळपास ५ कोटी जमवले. अपेक्षा मोठ्या होत्या म्हणून पडल्यासारखा वाटला. मुलांबरोबर बघताना एक सावधगिरी, मधे एक जुगाराचा अड्डा आहे, तिथं नटूनथटून बसलेल्या बायका आहेत, धाकटीनं काही विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

चार्ली ब्राऊन मी पहिला का ठेवला? कारण हा एकच सिनेमा स्ट्रिपशी भांडत नाही. चार्ल्स शुल्ट्झची 'पीनट्स' १९५० ते २००० चालली, पन्नास वर्षं हा पोरगा हरतच राहिला. त्याला काय हवंय हे शोधावं लागत नाही, एकदा जिंकायचंय, बास. सिनेमात तो शाळेच्या स्पेलिंगच्या स्पर्धेत चुकून जिंकतो, पुढं पुढं जात थेट न्यूयॉर्कला पोचतो, आणि तिथं शेवटच्या फेरीत कुत्र्याच्या जातीच्या स्पेलिंगवर गारद होतो. बीगल. स्वतःच्या घरात स्नूपी नावाचा बीगल कुत्रा आहे! माझ्याकडे पोरं इथं अक्षरशः ओरडतात. घरी येऊन तो पांघरूण घेऊन पडतो, मित्र येऊन सांगतो की बघ, जग बुडालं नाही. मग हा बाहेर पडतो, लूसी नावाची खोडकर पोरगी तिथं बॉल धरून बसलीय, तिला दिसणार नाही अशा बेतानं पळत जाऊन लाथ मारायला जातो आणि ती नेहमीसारखा बॉल काढून घेते. पुन्हा तिथंच. दीड तासाचा प्रवास झाला, शेवट मिळाला, आणि स्ट्रिप मात्र जशीच्या तशी. याहून चांगली युक्ती मला कुठल्या रूपांतरात दिसलेली नाही.

गाणी रॉड मॅक्यूनची आहेत, पार्श्वसंगीत व्हिन्स ग्वाराल्डीचं, जॅझ पियानो, मुलांच्या सिनेमाला असा पियानो तेव्हा कुणी वापरत नव्हतं. मधे श्रोडर नावाचा पोरगा आपल्या खेळण्यातल्या पियानोवर बेटोव्हेन वाजवतो तेव्हा चित्रं एकदम सुटतात, चर्च, रंग, आकार, गोष्टच थांबते. धाकटी इथं चुळबुळ करेल, करू दे. आवाज खऱ्या मुलांचे आहेत, अडखळणारे, हे कान देऊन ऐका, मोठ्या बायकांनी बारीक आवाज काढून केलेलं डबिंग आणि हे यातला फरक मुलांनाही कळतो.

त्यानंतरचा 'स्नूपी कम होम', १९७२ चा, गाणी शर्मन बंधूंची. सुंदर आहे पण रडवतो हं, स्नूपी जुन्या मालकिणीकडे जायला निघतो आणि सगळे त्याला निरोप देतात तो प्रसंग फार लांब आणि फार खरा आहे. 'कुत्र्यांना प्रवेश नाही' ही पाटी सिनेमाभर विनोद म्हणून येते आणि शेवटी त्याच पाटीमुळे तो घरी परत येतो. घरात कुत्रा असेल किंवा नुकताच गेला असेल तर सध्या राहू दे.

'लिल ॲबनर' बद्दल थोडंच. ॲल कॅपची ही स्ट्रिप १९३४ ते १९७७, डॉगपॅच नावाच्या डोंगरातल्या गरीब खेड्याची, पण खरं तर वॉशिंग्टनच्या राजकारणाची टिंगल. नाटक १९५६ चं, सिनेमा १९५९ चा, बरीचशी नाटकातलीच मंडळी घेऊन केलेला, सेटसुद्धा मुद्दाम रंगवलेल्या पडद्यांसारखे. सरकार ठरवतं की देशातलं सगळ्यात निरुपयोगी गाव हेच, सबब अणुबाँबची चाचणी इथं घ्यायची, आणि गाववाले आधी खूश होतात की आपला नंबर लागला! कॉर्नपोन नावाच्या, प्रत्येक लढाई हरलेल्या सेनापतीचं गुणगान करणारं गाणं तर असं आहे की आपल्याकडच्या कुठल्याही पुतळ्याच्या अनावरणाला डोक्यात वाजायला लागतं. गाणी जीन डी पॉल आणि जॉनी मर्सरची, नाच मायकल किडचे. हेच त्रिकूट 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स'चं, ज्याच्यावरून आपला 'सत्ते पे सत्ता' आला, त्यामुळे दणकट पुरुषांचे उड्या मारत नाच बघून ओळखीचं वाटेल. पण यातल्या बायका म्हणजे एकतर नवरा पकडायला पळणाऱ्या नाहीतर शोभेच्या, विनोद त्या काळातले, मुलांना बसवून काय काय समजावणार? म्हणून मुलं झोपल्यावर म्हटलं.

'डिक ट्रेसी' कुणीतरी सुचवेल, १९९० चा. त्यात स्टीफन साँडहाइमची पाच गाणी आहेत, एकाला ऑस्करही आहे, पण ते म्युझिकल नाही, क्लबात गाणं चालू असतं आणि बाहेर गोळ्या. बघण्यासारखं काय, तर रंग. पेपरात रविवारी छापायचे तेवढेच मोजके भडक रंग त्यांनी अख्ख्या सिनेमात वापरलेत, पिवळा कोट म्हणजे पिवळाच. मोठ्याला चित्रकला आवडत असेल तर अर्धा तास दाखवा, बंदुका फार आहेत.

आपल्याकडे 'चिंटू'वर २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोल्यांनी सिनेमा केला, नंतर दुसराही आला. मुलांना आवडतो. मला मात्र वाटत राहतं की चिंटूवर रंगमंचावर गाण्यांचं बालनाट्य व्हायला हवं, एकच मोठी गोष्ट न रचता छोट्या छोट्या प्रवेशांचं. पीनट्सचं तसं नाटक आहेच, 'यू आर अ गुड मॅन, चार्ली ब्राऊन', क्लार्क गेस्नरचं, १९६७ मध्ये एका छोट्या थिएटरात सुरू झालं आणि १,५९७ प्रयोग झाले. त्यात गोष्ट जवळपास नाहीच, एक दिवस आणि त्यातले तुकडे, प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्ट्रिप, कुठं दोन ओळींचा विनोद, कुठं पूर्ण गाणं.

आणि हेच तुमच्या गॅदरिंगच्या प्रश्नाचं उत्तर. शाळांना ॲनीचा मोह होतो, कारण मुली भरपूर लागतात आणि 'टुमॉरो' सगळ्यांना माहीत असतं. पण ॲनीत एका मुलीवर सगळा भार, तिचा घसा गॅदरिंगच्या आदल्या दिवशी बसतोच, आणि वॉरबक्स करायला मोठा माणूस हवा, नववीतल्या पोराला टक्कल लावून पोट बांधलं की लोक चुकीच्या ठिकाणी हसतात. चार्ली ब्राऊनमध्ये मुळात सहाच पात्रं, पण तुकडे सुटे असल्यामुळे वर्गावर्गाला वाटून देता येतात, आणि सगळी पात्रं मुलंच असल्यामुळे कुणाला मिशा लावाव्या लागत नाहीत. स्नूपी नाटकात माणूस करतो आणि गातोही, तो रोल सगळ्यात वात्रट पोराला द्या, तालमीत तोच सगळ्यांना जागं ठेवतो. ॲनीच करायचं ठरलं तर ब्रॉडवेची ती दोन-अडीच तासांची संहिता घेऊ नका, 'ॲनी ज्युनियर' म्हणून शाळांसाठी तासाभराची आवृत्ती मिळते. सँडी म्हणून खरा कुत्रा मात्र अजिबात नको, हॉलच्या स्पीकरचा पहिला खर्रकन आवाज झाला की तो विंगेतून थेट पार्किंगमध्ये.

दोन्हीसाठी परवानगी आणि रॉयल्टी लागते, मराठीत भाषांतर करून करणार असाल तर भाषांतराची परवानगी वेगळी, आणि तिकीट लावणार की फुकट, प्रेक्षक किती, हे सगळं ते विचारतात. इंटरनेटवरून कराओके ट्रॅक उतरवून उरकणाऱ्या शाळा आहेत, पण नंतर व्हिडिओ टाकला की तो उडतो आणि पालक मुख्याध्यापकांना फोन करत बसतात. गॅदरिंग डिसेंबरात असेल तर शाळेचा मेल गणपतीच्या आधी गेलेला बरा, उत्तर यायलाच काही आठवडे जातात.